डाव्या पंखावरचा आकडा

सरांना ऐकू कमी यायचं, म्हणून पत्रकावर फोन नंबर माझा छापायचा असं ठरलं. पत्रक साधं होतं. 'पंखावर पु आणि पुढे आकडा लिहिलेलं पांढरट पिवळं फुलपाखरू दिसल्यास कृपया खालील नंबरवर कळवावे. गाव, तारीख आणि आकडा एवढे पुरे.' खाली आम्हा दोघांची नावं. अशी काहीशे पत्रकं सरांनी स्वखर्चानं छापली आणि पुण्याच्या पूर्वेच्या नि दक्षिणेच्या जिल्ह्यांतल्या शाळांना टपालानं पाठवली. पाकिटांवरचे पत्ते मी लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यभर तेच तर केलं.

मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात कारकून होते. सर तिथले विभागप्रमुख. ते निवृत्त झाले तेव्हा माझी नोकरी अजून सात वर्षं उरली होती. मीही निवृत्त झाले त्या वर्षी ते एकदा विभागात आले आणि म्हणाले, "बाई, आता तुम्हाला वेळ आहे का?" कामाबद्दल असेल म्हणून मी हो म्हटलं. माझ्याकडे वेळच वेळ होता. आई आदल्या वर्षी गेली होती. भाऊ नाशकात, त्याच्या संसारात. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत मी एकटी, आणि सकाळी आठनंतर दिवसाला करण्यासारखं काही उरत नसे.

सरांना एक गोष्ट समजून घ्यायची होती. पावसाळा सरत आला की वाघोलीच्या बाजूच्या मोकळ्या रानावरून ही फुलपाखरं जातात. फुलपाखरू म्हटलं की आपण भिरभिरणं म्हणतो, पण ही भिरभिरत नाहीत. सरळ जातात. कमरेच्या उंचीवरून, एकामागून एक, सगळी एकाच दिशेला. वाटेत भिंत आली तर वळसा घालत नाहीत, चढून वरून जातात आणि पलीकडे उतरून तीच दिशा पुन्हा धरतात. दुपारपर्यंत हे चालतं. ती कुठे जातात, हे सरांना नोकरीतल्या तीस वर्षांत पाहता आलं नव्हतं. आता त्यांना एकच करायचं होतं. धरायची, पंखावर आकडा लिहायचा, सोडून द्यायची, आणि कुठे दिसतात त्याची वाट पाहायची.

पहिल्या वर्षी पाच-सहा विद्यार्थी होते. त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळाल्यावर आम्ही दोघंच उरलो.

रविवारी सकाळी मी मनपाच्या बसथांब्यावरून वाघोलीची बस धरायची, सर वाटेत चढायचे. त्यांच्याकडे जाळी आणि चहाचा थर्मास, माझ्याकडे रजिस्टर, मार्कर आणि पोळीभाजीचा डबा. सर टाकळ्याच्या झुडपांत उभे राहून जाळी फिरवायचे. सत्तरीला टेकलेला माणूस, पण मनगट असं चालायचं की जाळीत आलेल्या फुलपाखराला धक्का लागत नसे. मग ते मिटलेले पंख दोन बोटांत धरून माझ्यापुढे करायचे आणि मी उजव्या पंखावर लिहायची. पु १. पु २. पु पुण्याचा. हात हलला की आकडा बिघडायचा, म्हणून लिहिताना दोघंही श्वास रोखायचो. लिहून झालं की सर बोटं उघडायचे. फुलपाखरू क्षणभर तिथेच बसायचं आणि मग पुन्हा त्याच दिशेला लागायचं. आमच्या बोटांना पिवळी भुकटी राहायची.

इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "रविवारी एवढ्या सकाळी कुठे जाता हो?"

"फुलपाखरं धरायला."

"बरं. नसेल सांगायचं तर नका सांगू."

फोन यायचे. एकानं विचारलं, बक्षीस किती. एका बाईंच्या घरात साप निघाला होता आणि पत्रक बघून तिला वाटलं, आम्ही प्राणी नेतो. एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी फोन करून सांगायचे की त्यांच्या बागेत पुष्कळ फुलपाखरं आहेत. पंखावर काही लिहिलंय का, असं विचारलं की म्हणायचे, "तेवढं जवळ कोण जाणार!" रविवारी बसमध्ये चढल्याबरोबर सर मोठ्यानं विचारायचे, "काही फोन?" ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, सगळी बस वळून बघायची. मी मान हलवायची. ते "ठीक" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. तीन वर्षं अशीच गेली. एकही फुलपाखरू कुणाला सापडलं नाही. सर कधी चिडले नाहीत. मला मात्र दर रविवारी मान हलवताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

चौथ्या वर्षी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, सर न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी बंगळूरहून आली आणि पंधरा दिवसांत घर आवरून त्यांना घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा सर खुर्चीत बसले होते, भोवती खोकी. त्यांनी एक कापडी पिशवी पुढे केली. दोन जाळ्या, मार्करांचं पाकीट, तिन्ही वर्षांची रजिस्टरं आणि एक कोरं.

"जाल ना?" ते म्हणाले.

"एकटीनं कसं व्हायचं सर? धरणार कोण आणि लिहिणार कोण?"

"तुम्ही डावखुऱ्या आहात. उजव्या हातात धरा, डाव्यानं लिहा. जमेल."

जमेल असं मला वाटलं नव्हतं. तरी ऑगस्ट संपताना मी गेले. पहिल्याच सकाळी एकाचा पंख माझ्या बोटांत फाटला. ते जमिनीवर पडून एकाच पंखानं फडफडत राहिलं आणि मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. काय करायचं ते मला कळेना. विचारायला कुणी नव्हतं. जाळी पिशवीत घालून मी दहाच्या आत घरी आले. पुढच्या वेळी मात्र हात सुधारला. उजव्या हातात फुलपाखरू, दातांत मार्करचं टोपण, गुडघ्यावर रजिस्टर. अशा धरण्यानं डावा पंखच माझ्यासमोर यायचा, त्यामुळे त्या वर्षीचे आकडे सगळे डाव्या पंखावर. मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर तशी नोंद केली.

मग मी बुधवारीही जाऊ लागले, पुढे शुक्रवारीही. निवृत्त बाईला रविवारच कशाला हवा? रानात निदान काहीतरी हलत असायचं. घरी घड्याळ आणि फ्रिज.

दर खेपेनंतर मी सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा कळवायची. ते पत्रासारखं उत्तर लिहायचे, स. न. वि. वि. घालून. 'वारा कुठला होता तेही लिहीत जा. टाकळा फुलला का?' हळूहळू उत्तरं लहान झाली. मग नुसता अंगठा यायला लागला, आणि तो त्यांनी पाठवलेला नाही हे मला कळायचं. सर असला अंगठा कधी पाठवणार नाहीत. मग नुसत्या निळ्या खुणा.

गणपती बसून उठले, त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. बाबा काल पहाटे गेले, इथेच सगळं केलं. मी तो उभ्यानंच वाचला. कुणाला फोन करावा असं आठवून बघितलं. विभागातले जुने लोक होते, पण त्यांना मी सांगितलं असतं तर त्यांनी 'अरेरे' म्हटलं असतं आणि मग सरांचं वय विचारलं असतं. मी कुणालाच फोन केला नाही. भांडी घासली, दूध तापवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मनपावर जाऊन वाघोलीची बस धरली.

त्या सकाळी फुलपाखरं खूप होती. मी न थांबता काम केलं, पाणीसुद्धा प्यायले नाही. दोनशे चारपासून दोनशे तेवीसपर्यंत आकडे घातले. सोडताना दर वेळी बोटं उघडून बघत बसायची माझी सवय होती. त्या दिवशी बघितलं नाही, लगेच पुढच्याकडे वळले.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, मी आमच्याच पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात कुकरची शिट्टी घ्यायला गेले होते. दसऱ्याला चार दिवस होते आणि गल्ली माणसांनी भरली होती. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो, ते फुलपाखराचं हितंच का?" बाईचा आवाज.

"हो. बोला."

"तुमचं एक आलंय बगा आमच्याकडं. झेंडूवर बसलंय. पंखावर पु हाय."

मी म्हटलं, "आकडा?"

"दोन... एक... पुढचं पुसलंय. थांबा, फोटू टाकते."

"गाव कुठलं?"

तिनं नाव सांगितलं. मला कळलं नाही. "सोलापूरच्या पुढं," ती म्हणाली, "अक्कलकोटच्या रस्त्याला. पोरीच्या शाळंत तुमचा कागद लावलाय भिंतीवर. तिनंच वळखलं."

फोटो आला. पिवळ्याधमक झेंडूवर मिटलेले पंख. कडा झिजलेल्या. डाव्या पंखावर माझं अक्षर. पु २१, आणि पुढे एक अस्पष्ट काळा डाग. माझा २ वर गोल आणि खाली लांब शेपटीचा असतो. तो दुसऱ्या कुणाचा असू शकत नव्हता, माझाच होता. दोनशे दहाच्या घरातली सगळी त्याच रविवारची.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. गल्लीतल्या गर्दीतून कुणीतरी ओळखीचं यावं असं फार वाटलं. कुणी आलं नाही. शेवटी मी वर बघून दुकानदारांना म्हटलं, "अहो, मी सोडलेलं फुलपाखरू सोलापूरच्या पुढे पोचलं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं. शिट्टी घेताय ना? की तीही सोलापूरला पाठवू?"

मी शिट्टी घेतली.

घरी आल्यावर सरांच्या मुलीला फोन लावला. ती कामात होती, पण बोलली नीट. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हो का? वा. बाबांना आवडलं असतं." मग, "मावशी, त्या जाळ्या वगैरे आता तुम्हीच ठेवा हं. इकडे पाठवू नका." तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्यासाठी ते वडिलांचं खूळ होतं आणि तिला अजून तेरावं करायचं होतं. फोन ठेवल्यावर मात्र मला कळलं की या बातमीचा जगात एकच मालक होता आणि तो ती ऐकायला नाही.

त्या बाईला येते म्हणून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सोलापूरला निघाले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. फोटो होता, गाव कळलं होतं, नोंद झाली असती. पण नुसती नोंद करून बसायचं मला जमेना. गाडीत समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं, त्यांनी शेंगाची चटणी आणि भाकरी काढून मलाही दिली आणि विचारलं, सोलापूरला कुणाकडे? मी म्हटलं, ओळखीच्यांकडे.

सोलापूरहून एसटीनं त्या गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. फोन केलेली बाई रस्त्यावर उभीच होती. तिशी-पस्तिशीची, डोक्याला टॉवेल बांधलेला, हात झेंडूनं हिरवे-पिवळे झालेले. तिनं माझी पिशवी काढून घेतली.

"लांबनं आला की मॅडम. पर ते उडालं ओ. फोटू काढला अन् उडालं. धरून ठिवायला पायजे हुतं का?"

"नाही नाही. बरं केलंत."

अर्ध्या एकराचा झेंडू होता. ती वाकून सरीतून पुढे चालली आणि तिसऱ्या सरीत एका झाडापाशी थांबली. त्याला लाल चिंधी बांधलेली होती. आजूबाजूच्या झाडांची फुलं तोडून झाली होती, नुसते देठ. या एकाच झाडावर दहा-बारा फुलं तशीच.

"ह्याची तोडली न्हाईत," ती म्हणाली. "म्हटलं, मॅडम येतील, बघतील."

मी बघितलं. झेंडूचं झाड झेंडूच्या झाडासारखंच होतं. वरच्या एका फुलावर मुंग्या होत्या. मी बराच वेळ बघत राहिले, कारण ती माझ्याकडे बघत होती आणि दसऱ्याच्या तोंडावर तिनं ती फुलं माझ्यासाठी ठेवली होती.

"कुठल्या बाजूला गेलं?"

तिनं लगेच हात केला. "तिकडं. कर्नाटकाच्या अंगाला. सरळ गेलं, मागं बघितलं न्हाई." मग म्हणाली, "एवढंसं, पुण्यावरनं हितवर? आमी एसटीनं जायचं म्हटलं तर कंबर मोडती."

"नऊ दिवस लागले त्याला. जास्तीत जास्त नऊ."

"अन् कागदावर दोन नावं हुती. दुसरे ते कोन? ते न्हाई आले?"

"ते वारले."

"कवा?"

"झाले बारा दिवस."

तिनं मनाशी हिशेब केला असावा. "म्हंजी त्येंना कळलंच न्हाई."

"नाही."

शनिवारच्या त्या मेसेजपासून तोवर मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं. रडायला मी वाकले की काय कोण जाणे, पण गुडघे टेकून बसले मी सरीत, आणि तोंडाला पदर लावला. शेजारच्या सरीत जाऊन तिनं तोडणी सुरू केली, माझ्याकडे पाठ करून. देठ मोडल्याचा टक्-टक् आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं तो आवाज थांबला आणि तिनं एक रिकामी पाटी माझ्या बाजूला सरकवली.

"तोडू लागता का? सांच्यापातुर टेम्पो येतोय."

मी तोडू लागले. देठ फार लांब ठेवायचा नाही, फूल मुठीत दाबायचं नाही, असं तिनं एकदा दाखवलं. मला ते लगेच जमलं, गेला महिना-दीड महिना माझी बोटं तेच शिकत होती. दुपारी तिच्या सासूनं भाकरी आणि चवळीची भाजी आणून दिली. तिघी बांधावर बसून जेवलो. सासूबाईंनी विचारलं, हे फुलपाखरांचं सरकारी काम का? मी म्हटलं, नाही. मग कशाचं? मी भाकरीचा तुकडा मोडला. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. जेव."

चिंधी बांधलेल्या झाडाची फुलं शेवटी तिनंच तोडली आणि ती सगळी एका पिशवीत घालून माझ्याकडे दिली. दसऱ्याला मी त्यांचं तोरण केलं. दाराला लावलं तेव्हा खालच्या काकू म्हणाल्या, "झेंडू छान मिळाला तुम्हाला. कुठून?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना वाटलं, मंडईतल्या कुठल्या गाळ्याचं असेल.

ती नोंद मी फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्या एका तज्ज्ञांना पाठवली. फोटो, रजिस्टरचं पान, तारीख, सगळं. चार दिवसांनी उत्तर आलं, सभ्य आणि नेमकं. शेवटचा आकडा वाचता येत नसल्यानं हे फुलपाखरू नक्की कोणतं हे सिद्ध होत नाही, सबब नोंद ग्राह्य धरता येणार नाही, परंतु आपला प्रयत्न स्तुत्य आहे. मी ते दोनदा वाचलं. त्यांचं बरोबर होतं. सरांनीही हेच लिहिलं असतं, 'स्तुत्य' सोडून. मी त्या पत्राची प्रत काढून रजिस्टरला चिकटवली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं की दोनशे दहा ते दोनशे एकोणीस ही सर्व फुलपाखरं एकाच सकाळी, एकाच जागी सोडली होती, त्यामुळे कोणतं हे माहीत नसलं तरी कधी आणि कुठून हे माहीत आहे. सही केली. ते वाचायला कुणी येणार नव्हतं, पण नोंद अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

यंदा ऑगस्टमध्ये वाघोलीला उतरले तर आमच्या जागेला पत्रे लावलेले. आत पोकलेनचा आवाज. पत्र्यांवर बावीस मजली इमारतींचं चित्र आणि चित्रात हसणारं एक कुटुंब. पत्र्यांवरून फुलपाखरं जात होती, चढून वरून. मला पत्र्यांवरून जाता येण्यासारखं नव्हतं. आल्या बसनं परतावं असंही मनात आलं. मग रस्त्यानं पुढे चालत राहिले. दोन-अडीच किलोमीटरवर, एका बंद पडलेल्या खाणीच्या कडेला टाकळा दिसला. गुडघ्याइतका, दाट. तिथे सावली नाही, बसायला दगड मात्र पुष्कळ आहेत.

अधूनमधून त्या बाईचा फोन येतो, बहुधा सकाळी, तोडणी चालू असताना. "मॅडम, आज लई चाललीत. मोजली न्हाईत, पर लई." मी तिला सांगितलं की दहा मिनिटं नुसतं उभं राहून मोजायचं आणि आकडा सांगायचा. आता ती मोजते. रजिस्टरमध्ये तिच्यासाठी मी वेगळा रकाना आखलाय. फोन दोन मिनिटांचा असतो. ती 'ठिवते' म्हणते आणि खरंच ठेवते. त्यानंतर दिवसभर फोन वाजत नाही, बहुतेक दिवशी.

गेल्या रविवारी खाणीवर मी एकोणतीस आकडे घातले. वारा ईशान्येचा होता. अकराच्या सुमाराला ढग आले आणि फुलपाखरं एकाएकी थांबली. झुडपांत पानांखाली जाऊन बसली, सगळी. ऊन पुन्हा येईपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. मी दगडावर बसून डबा उघडला आणि जेवले.